पोरगा ‘सह’ म्हणून अडकला तर

“साहेब, माझ्या पोरानं काही केलं नाही हो. तो नुसता गाडीवर बसला होता.”

३१ वर्षं मी फौजदारी कोर्टात काढली. आधी कारकून, मग बेंच क्लार्क, शेवटची चार वर्षं शिरस्तेदार. पुकारा झाला की व्हरांड्यातून धावत आत येणाऱ्या आयांच्या तोंडून हे वाक्य जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही. बऱ्याचदा ते खरं असायचं. आणि खरं असूनही त्या दिवशी त्याचा काही उपयोग नसायचा. आता निवृत्त होऊन कुर्ल्याच्या नेहरूनगरात राहतो, तर बिल्डिंगमधले लोक रात्री बारालासुद्धा बेल वाजवतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. मी वकील नाही, केस लढायची ती वकिलानंच. पण वकील मिळेपर्यंतचे तास घरच्यांच्या हातात असतात, आणि तेच वाया जातात.

पोलिस ठाण्यात पोचलात की आधी एफआयआरमधली कलमं कागदावर उतरवून घ्या. मोठा आकडा कुठला ते तर कुणीही बघतं. तुम्ही त्याच्या शेपटीकडे बघा. ‘३०७ सह ३४’. ३०७ म्हणजे जुन्या संहितेतला खुनाचा प्रयत्न. पण तो ‘सह’ महत्त्वाचा. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३४ म्हणजे सामाईक इरादा. चौघांनी एक ठरवून एक कृत्य केलं, तर ते चौघांपैकी प्रत्येकानं एकट्यानं केल्यासारखं धरायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हे कलम ३ चं उपकलम ५ झालं. पोलिस, वकील, आरोपी सगळे अजून ‘चौतीस’च म्हणतात. याची शिक्षा वेगळी नसते. म्हणजे निम्मा गुन्हा, निम्मी शिक्षा असा हिशेब नाही. सुरा चालवणाऱ्याला जे कलम, तेच गाडी चालू ठेवून बसलेल्याला.

मग डोकी मोजा. पाच झाली की खेळच बदलतो. पाच किंवा जास्त माणसं म्हणजे बेकायदेशीर जमाव, जुनं १४९, आता १९०. इथे आधी ठरवलेलं असण्याचीही गरज नाही. जमावाचं समान उद्दिष्ट काय होतं आणि तुम्ही त्यात होतात का, एवढ्यावर भागतं. चौघांनी धाक दाखवून मोबाइल हिसकावला तर जबरी चोरी, पाच असले तर दरोडा, आणि दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पाचवा पोरगा नुसता मागे उभा असला तरी त्याच्या उभं राहण्यानं बाकीच्या चौघांचंही कलम चढतं. म्हणून फिर्यादीत ‘चार ते पाच इसम’ असं लिहिलं असेल तर तो ‘ते’ शब्द वकिलाला आवर्जून दाखवा.

एक प्रकरण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. २०२२ चा ऑक्टोबर, नवरात्र नुकतं संपलेलं. आमच्या भागातली चार पोरं दोन स्कूटींवरून चेंबूरला गेली. इन्स्टाग्रामवर कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. “मॅटर झालाय, जरा समजवून येऊ” एवढंच बोलणं. एकाच्या कमरेला चॉपर होता. तो २२ वर्षांचा. दुसरा २० चा. तिसरा १८ वर्षं २ महिन्यांचा, तो स्कूटी चालू ठेवून कोपऱ्यावर थांबला. चौथा १७ वर्षं १० महिन्यांचा, तो उतरून पानाच्या गादीपाशी उभा राहिला. समोरच्या पोराच्या मांडीत वार गेला. तो वाचला. चौघांवर ३०७ सह ३४.

तिसरा आणि चौथा एकाच शाळेत, एकाच बाकावर होते. मधे फक्त चार महिन्यांचं अंतर.

वयाचा कागद

म्हणून दुसरं काम: शाळा सोडल्याचा दाखला शोधा. आधार कार्ड पुढे करू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात, अटकेच्या दिवशीचं नाही. आणि ‘मी तेव्हा १८ च्या आत होतो’ हा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागल्यावरही मांडता येतो. आमच्या कोर्टात एक मुलगा पोलिसांच्या कागदावर १९ चा होता. त्याच्या आईनं तिसऱ्या रिमांडला पिशवीतून दाखला काढला, तेव्हा कळलं की तो १७ चा आहे. तोवर तो ११ दिवस मोठ्यांच्या कोठडीत होता. कारण काय, तर “कुणी विचारलंच नाही.”

१८ च्या आतला असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी बाई. मुंबईत पोराला ‘डोंगरीला नेलं’ म्हणतात ते तिथल्या निरीक्षण गृहात. ती जागा पूर्वी तुरुंग होती. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर तिथे १०१ दिवस होते. तेही दोघं एकाच खटल्यात, कोल्हापूर प्रकरणी. एका घाबरलेल्या बापाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, “ते टिळक होते हो, आमचं बारावी नापास आहे.” असो.

एक मेख लक्षात ठेवा. २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे मुलाविरुद्ध सरसकट एफआयआर नोंदवायचा नसतो, साधी डायरीतली नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल पुरतो. अपवाद दोन: गुन्हा निर्घृण प्रकारचा असला तर, किंवा मोठ्या माणसांसोबत केला असला तर. म्हणजे किरकोळ चोरीतही सोबतीला १९ वर्षांचा चुलतभाऊ असला की एफआयआर होतो. सोबतीची किंमत तिथूनच सुरू होते.

१६ ते १८ वयातल्यांसाठी आणखी एक चाळणी आहे. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर जो राग उसळला त्यातून २०१५ चा कायदा आला, आणि निर्घृण गुन्ह्यात या वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे तो. ‘किमान’ हा शब्द घट्ट धरा. खुनाच्या प्रयत्नाला शिक्षा मोठी आहे, पण किमान ठरवलेली नाही, म्हणून तो निर्घृण या वर्गात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात हे स्पष्ट केलं. आमचा चौथा त्यामुळे मंडळापुढेच राहिला, जिथे जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. वार चार बोटं वर गेला असता आणि समोरचा मेला असता, तर पानाच्या गादीपाशी उभं राहिलेल्या ह्याच पोराचं प्राथमिक मूल्यांकन झालं असतं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, आणि कोणत्या परिस्थितीत घडलं. ती वेळ आलीच तर मंडळानं मानसतज्ज्ञाची मदत घ्यावी असा आग्रह वकिलामार्फत धरा. वर्गशिक्षकांचं पत्र, ट्यूशनच्या बाईंचं पत्र, दवाखान्याचे कागद आणा. ‘परिस्थिती’ या एका शब्दात तो कुणाच्या मागे गेला, का गेला, हे सगळं मांडता येतं. बापाच्या धंद्याची माहिती देत बसू नका, पोराबद्दल बोला.

मुलाचा जामीन हा नियम आहे. पण नाकारायची जी कारणं कायद्यात आहेत त्यात पहिलंच आहे संगत: सोडल्यावर तो ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल का. टोळक्यातल्या पोराला नेमकं हेच नडतं, कारण बाकीचे त्याच गल्लीत राहतात. यावर मी एकच सांगतो, गावाकडचा पत्ता तयार ठेवा. चौथ्याच्या मामानं कराडहून येऊन लिहून दिलं की भाचा माझ्याकडे राहील, तिथल्या कॉलेजात नाव घालतो. प्रवेशाची पावतीसुद्धा आणली. पावतीनं काम केलं. “चांगल्या घरचा आहे” हे वाक्य सगळेच म्हणतात.

१८ च्या पुढचा

तिसऱ्याला यातलं काहीच नाही. त्याच्या दाढीला अजून वस्तरा लागला नव्हता, पण तो आर्थर रोडला, मोठ्यांच्या तुरुंगात गेला.

इथे पहिल्या रात्रीचं सांगतो. अटकेची कारणं लेखी मागा, त्याला समजेल त्या भाषेत. वकिलाला भेटू द्या म्हणा. कोऱ्या कागदावर सही नाही, हे पोराला बजावा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण त्यातून काही वस्तू मिळाली तर तेवढा भाग चालतो. आणि त्याच्या मोबाइलमधलं काहीही पुसू नका. बाप लोक नेमकं हेच पहिल्यांदा करतात, प्रेमापोटी. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा तुमच्यावर बसतो, आणि वर ज्या मेसेजमध्ये “मी येत नाय रे, तुम्ही जा” असं लिहिलं असेल तोही जातो. फिर्यादीच्या घरी माफी मागायलासुद्धा जाऊ नका. त्याला साक्षीदारावर दबाव म्हणतात.

वकील. हा भाग नाजूक आहे. चारही घरं एकत्र बसतात, वर्गणी काढतात, एकच वकील करतात. एकीचं बळ वगैरे. मी स्पष्ट सांगतो, करू नका. सुरा ज्याच्या हातात होता त्याचा बचाव आणि जो कोपऱ्यावर होता त्याचा बचाव एकमेकांच्या विरुद्ध जातात. पहिल्याचा वकील म्हणेल, तिथे आम्ही नव्हतोच. तुमच्या पोराला म्हणायचं असतं, होतो, पण मला सुऱ्याचं माहीत नव्हतं. एकच वकील दोन्ही बोलू शकत नाही, आणि वर्गणीत ज्याचा वाटा मोठा त्याचंच बोलतो. वेगळा वकील केलात की गल्लीत म्हणतात, “तो फुटला.” म्हणू द्या. पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंगातल्या माणसांसाठी काम करतोय, त्यांचीही मदत होते. कोर्टाच्या गेटवर “आत ओळख आहे” म्हणणारा भेटला तर चालत राहा. एवढ्या वर्षांत त्यातल्या एकाचीही आत ओळख नव्हती, माझ्याशी सोडून, आणि मी त्यांना चहासुद्धा पाजला नाही.

वकिलाला काय द्यायचं? नकाशा. पोरगा आत असेल तर आईनं नाहीतर भावानं त्या जागेवर जायचं. गाडी कुठे होती, भांडण कुठे झालं, मधे किती पावलं, कोपऱ्यावरून ते दिसतं का, दिवा कुठे आहे. तिसऱ्याच्या आईनं वहीच्या पानावर काढला: ४२ पावलं, मधे रसवंतीची टपरी, टपरीमुळे पलीकडचं दिसत नाही. त्यावर तारीख टाकायला लावली. तो कागद फक्त वकिलासाठी, पोलिसांना नाही. जवळच्या दुकानात, सोसायटीत सीसीटीव्ही असेल तर रेकॉर्डिंग जपून ठेवा असा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, कारण काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं.

हा नकाशा का, ते जुन्या निकालांवरून समजतं. १९२५ चा कलकत्त्याच्या पोस्ट ऑफिसच्या खुनाचा निकाल आहे, बारेंद्रकुमार घोष. आरोपी म्हणत होता, मी बाहेर अंगणात उभा होतो. प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे ब्रिटिश काळातलं लंडनचं सर्वात वरचं अपील कोर्ट, म्हणाली, बाहेर उभं राहणं हेही त्या कामातलंच. सरकारी वकील शंभर वर्षं तिथेच बोट ठेवतात. पण २० वर्षांनी त्याच प्रिव्ही कौन्सिलनं मेहबूब शाहचा निकाल दिला. मेहबूब १९ वर्षांचा. सिंधू नदीच्या काठी बोरूवरून भांडण, दुसऱ्यानं गोळी घालून एकाला मारलं, आणि ह्याला ‘सह’ धरून फाशी सुनावली होती. कौन्सिलनं खुनातून त्याला सोडलं: दोघांचा इरादा सारखा असणं वेगळं आणि इरादा एकच, दोघांनी मिळून ठरवलेला असणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानंही १९६४ मध्ये मसल्ती खटल्यात सांगितलं की कुतूहलानं जमलेला बघ्या जमावाचा भाग होत नाही, आणि २००१ मध्ये सुरेश खटल्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला सोडून दिलं. म्हणजे कायद्यात जागा आहे. फक्त ती जागा पावलांनी मोजून दाखवावी लागते.

जामीन अर्जातही तेच. “माझा अशील निर्दोष आहे” यापेक्षा “फिर्यादीत याच्या हातात हत्यार नाही, यानं हात उचलल्याचं नाही, हा ४२ पावलांवर” हे वाचून न्यायाधीश मान वर करतात, हे मी खालच्या टेबलावरून पाहिलंय. जामीनदार आधीच तयार ठेवा, रेशनकार्ड, पगाराची स्लिप, फोटो. आदेश होऊनही जामीनदाराच्या कागदाअभावी पोरं आठवडा आठवडा आत राहतात.

जास्त होतं का?

लोक मला हेच विचारतात. पोरांच्या मानानं हे ‘सह’चं कलम फार कडक नाही का?

१८ च्या आत, आपला कायदा बाहेरच्यांपेक्षा मऊ आहे. अमेरिकेत आर्कान्सासमधला १४ वर्षांचा जॅक्सन व्हिडिओच्या दुकानाच्या चोरीत बहुतेक वेळ बाहेर होता, गोळी दुसऱ्यानं झाडली, तरी त्याला मरेपर्यंत तुरुंग झाला. अशी सक्तीची शिक्षा मुलांना देता येणार नाही हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ठरवलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये जोगी खटल्यात कबूल केलं की साथीदारांबाबत १९८४ पासून कायदा चुकीच्या वळणावर गेला होता; साथीदार असं काही करू शकेल हे नुसतं ओळखलं म्हणजे इरादा झाला, असं धरत होते.

आपल्याकडे माझी तक्रार १८ ते २१ बद्दल आहे. खून सिद्ध झाला तर फाशी किंवा जन्मठेप, मधलं काही नाही. न्यायाधीशाला वाटलं तरी कोपऱ्यावरच्या पोराला कमी देता येत नाही, आणि सूट मिळायची तर प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्यावर. या वयासाठी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं, म्हणजे तुरुंगाऐवजी बाँडवर सोडण्याच्या कायद्याचं, कलम ६ आहे: २१ च्या आतल्याला शक्यतो तुरुंग नको, दिलाच तर कारणं लिहा. पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते तिथे ते चालत नाही. शिवाय हे वय गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, शिक्षा सुनावण्याच्या दिवशीचं धरतात. १९६० च्या दशकापासून तसंच चालत आलंय. म्हणजे खटला लांबला की पोराचा हक्क वयाबरोबर निघून जातो. तारखा पोरगा मागत नाही, तरी जातो. म्हणून आरोप निश्चित होताना भर द्या की मोठं कलम टिकत नाही, दुखापतीचंच लावा. आणि वकिलाला दर तारखेला विचारा, हा २१ चा कधी होतो. वय उलटलंच तरी त्याच कायद्याच्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडा असं मागता येतं, त्याला वयाची अट नाही.

तरी कलमच काढून टाका असं मी म्हणणार नाही. मांडीत वार बसलेल्या पोराची आईही कोर्टातल्या त्याच बाकावर बसायची. एकदा मला म्हणाली, “चौघं नसते तर तो एकटा आला असता का, तुम्हीच सांगा.” मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही.

चौथ्याचं प्रकरण मंडळात संपलं. त्याच्या बाबतीत बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मुळे दोषी ठरला तरी पुढे अपात्रता लागत नाही, ठरलेल्या मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. नोकरीच्या पोलिस पडताळणीत एका ठाण्यानं तरीही शेरा मारला. मंडळाच्या आदेशाची प्रत जोडून अर्ज केला, मग तो निघाला. ती प्रत दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका.

तिसऱ्याला पाच महिन्यांनी जामीन मिळाला. खटला अजून सत्र न्यायालयात आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तो २१ चा झाला. परवा त्याची आई आली होती, पानवाल्याची उलटतपासणी लागली म्हणून. रसवंतीची टपरी आता तिथे नाही, महापालिकेनं उचलली. तिनं वहीचं पान पुढे केलं, घडीवर फाटलेलं, आणि विचारलं, हे चालेल का. मी म्हटलं, तारीख वाचता येतेय ना, आधी ते बघा. उजेडात धरून तिनं बघितलं.

“येतेय,” म्हणाली.